प्रिंट आउटपुटमधली अलाइनमेंट

प्रोग्रामने छापलेली नावं आणि आकडे एकाखाली एक सरळ यावेत म्हणून प्रत्येक कॉलमला रुंदी ठरवून द्यायची आणि उरलेल्या जागेत स्पेस भरायच्या, याला अलाइनमेंट म्हणतात. मजकूर डावीकडून आणि आकडे उजवीकडून लावायचे असा साधारण रिवाज आहे, आणि आकड्यांच्या बाबतीत तो नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये, कारण एकं, दहं, शतं हे आपण जागेवरूनच ओळखतो. ९.५, १२०.२५ आणि १०४५ हे डावीकडून लावून एकाखाली एक छापले तर एकं, शतं आणि हजार यांचे अंक एकाच रेषेत येतात आणि मोठा कुठला ते कळायला प्रत्येक ओळ वाचत बसावं लागतं. तेच दशांश चिन्हं एका रेषेत आणली की नुसती नजर फिरवली तरी कळतं.

हे काही नवीन नाही. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत मांडणी सांगणारं फॉरमॅट नावाचं स्टेटमेंट होतंच, प्रोग्राम आणि डेटा ज्यावर भोकं पाडून लिहायचे ते पंच कार्ड ८० कॉलमचं असायचं, त्यामुळे कुठला आकडा कितव्या कॉलमपासून कितव्यापर्यंत हे आधी ठरवूनच लोक लिहायचे. सी भाषेत हे काम प्रिंटएफ नावाचं फंक्शन करतं. टक्क्याचं चिन्ह, पुढे ८.२ आणि शेवटी एफ लिहिलं की एकूण रुंदी ८ आणि दशांशानंतर २ अंक. इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण त्या ८ मध्ये टिंब आणि वजा चिन्हही मोजलं जातं, म्हणजे ९९९९९.९९ बरोब्बर बसतो पण -१२३४५.६७ ला ९ जागा लागतात. मग सी काय करतं, तर आकडा पूर्ण छापतं आणि ओळीतलं पुढचं सगळं एक घर उजवीकडे ढकलतं, कारण सी मध्ये रुंदी म्हणजे कमीत कमी रुंदी. फोरट्रान त्याच जागी आठ तारे छापतं. माझ्या मते सी चं बरोबर आहे, कॉलम वाकडा झाला तरी चालेल पण आकडा गेला नाही पाहिजे.

सी मध्ये काही सांगितलं नाही तर सगळं उजवीकडे जातं, डावीकडे हवं असेल तर रुंदीच्या आधी वजा चिन्ह. पायथॉनमध्ये मजकूर आपोआप डावीकडे आणि आकडे उजवीकडे. सी प्लस प्लस मध्ये रुंदी ठरवणारं सेटडब्ल्यू फक्त पुढच्या एकाच गोष्टीला लागू होतं, प्रत्येक कॉलमला परत द्यावं लागतं, हे विसरलं की पहिला कॉलम छान आणि बाकीचे चिकटलेले.

रुंदी किती ठेवायची? सगळा डेटा हातात असेल तर आधी एकदा फिरून प्रत्येक कॉलममधली सगळ्यात लांब नोंद मोजायची आणि मग छापायचं, अंदाजाने १० किंवा २० टाकण्यापेक्षा हे कधीही चांगलं. टॅबने काम भागवायला जाऊ नये. टॅब साधारण दर ८ कॉलमवर थांबतो, म्हणून ७ अक्षरांच्या नावानंतरचा आकडा एका जागी आणि ८ अक्षरांच्या नावानंतरचा पार पुढच्या थांब्यावर. आणि फॉन्ट मोनोस्पेस, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा, नसेल तर कितीही स्पेस मोजा, काही उपयोग नाही.

खरी कसरत देवनागरीत आहे. ‘मराठी’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये दोन काने-मात्रा धरून ५ कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक), आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट म्हणजे १५ बाइट. सी चं प्रिंटएफ बाइट मोजतं, त्यामुळे रुंदी १० दिली तर त्याच्या हिशोबाने शब्द आधीच मोठा आहे आणि ते एकही स्पेस भरत नाही. पायथॉन कोडपॉइंट मोजून ५ स्पेस भरतं, पण स्क्रीनवर शब्द नक्की किती घरं व्यापतो ते टर्मिनलवर, म्हणजे आउटपुट दाखवणाऱ्या विंडोवर, ठरतं. लांबीची मर्यादा १० घातली तर आणखी वाईट, सी दहाव्या बाइटवर कापतं, म्हणजे चौथ्या कोडपॉइंटचा एकच बाइट उरतो आणि तिथे प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दिसतो. रुंदी मोजणाऱ्या लायब्ररी आहेत, पण जोडाक्षरांवर त्यांचं आणि टर्मिनलचं जुळेलच असं नाही. त्यामुळे साधा उपाय असा की आकड्यांचे कॉलम आधी छापायचे आणि देवनागरी नावाचा कॉलम सगळ्यात शेवटी ठेवायचा, त्याच्या उजवीकडे काहीच नसल्यामुळे त्याची रुंदी चुकली तरी कोणाची जागा हलत नाही.