बारो कोलोरॅडो बेटावरील माकडांचा क्षेत्राभ्यास

पनामातील गातून तलावात सुमारे 1,560 हेक्टरांचे हे जंगली बेट आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर उरला, तेच हे बेट. 1923 मध्ये ते राखीव झाले आणि 1946 पासून अमेरिकेतील स्मिथसोनियन या संशोधन संस्थेच्या ताब्यात आहे. क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी 1931 मध्ये येथे हाउलर माकडांचे निरीक्षण सुरू केले. रानातल्या माकडांच्या शिस्तबद्ध अभ्यासाचा आरंभ बहुधा तेथूनच धरतात. आज कॅप्युचिन, टॅमरिन, स्पायडर आणि निशाचर माकडेही येथे आहेत. यांपैकी स्पायडर माकडे 1959 नंतर आणून सोडलेल्यांची वंशज होत.

नवखे विद्यार्थी सहसा हाउलरपासून सुरुवात करतात. पहाटेच्या भुभुःकारावरून टोळीचा ठावठिकाणा लागतो, ती फार दूरही जात नाही. पण टोळी सापडली की निराशा होते, कारण ही माकडे दिवसाचा जवळजवळ दोन-तृतीयांश वेळ नुसती पडून असतात. कॅथरीन मिल्टन यांच्या येथील अभ्यासातून यामागचे कारण स्पष्ट झाले. हाउलर भरपूर पाला खातात आणि खाल्लेले अन्न आतड्यांतून जायला सुमारे 20 तास लागतात. फळांवर जगणाऱ्या स्पायडर माकडांत हेच काम सुमारे 4 तासांत उरकते. तेव्हा वहीत ओळीने ‘विश्रांती’ लिहिणे हीसुद्धा आहाराविषयीचीच नोंद असते.

मात्र माणसाची नजर भांडणाकडे, उड्यांकडे आणि पिलांकडे ओढली जाते, आणि जे ठळक दिसते तेच वहीत उतरते. हा दोष टाळण्याच्या पद्धती जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये एका लेखात मांडल्या. त्यांनुसार एकच माकड निवडून ठरलेला वेळ त्याच्या सर्व हालचाली टिपायच्या, किंवा ठरावीक अंतराने दिसेल त्या प्रत्येक माकडाची त्या क्षणाची कृती लिहायची. पहिली पद्धत ऐकायला सोपी वाटते, पण दाट पानोळ्यात निवडलेले माकड दिसेनासे होते. तेव्हा दुसरे पकडायचे नसते, ‘दृष्टीआड’ असे प्रामाणिकपणे लिहायचे असते.

कपड्यांचा प्रश्न वेगळाच. गोचिडींमुळे विजारीचे पाय मोज्यांत खोचावे लागतात. टोळीच्या थेट खाली उभे राहणेही शहाणपणाचे नाही, कारण हाउलर वरून मलमूत्र सोडतात. त्यांची विष्ठा मात्र संशोधकांना हवीच असते : माकडाला हात न लावता तिच्यातून संप्रेरके, परजीवी आणि डीएनए तपासता येतात.