पत्ताकोबीची अळी मेंदूत जात नाही

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. शेजारचा चौदा वर्षांचा पोरगा धाकट्या बहिणीचा लाकडी नंदी ओढून देत होता. अचानक हातातली दोरी सुटली. उजव्या हाताची बोटं आपोआप मिटू-उघडू लागली, तोंडाची उजवी बाजू ओढली गेली आणि पाहता पाहता पोरगा खाली पडला. डोळे पांढरे, सगळ्या अंगाला झटके. कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा फोडून आणला, मागून कोणी म्हणालं, "बाहेरचं दिसते." दोनेक मिनिटांत झटके थांबले. मी त्याला कुशीवर वळवलं आणि तोंडात कोणाला काही घालू दिलं नाही. फिट आलेल्या माणसासाठी तेवढंच करायचं असतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र थेट दवाखाना. चप्पल-कांद्याने फिट थांबत नाही. ती बहुधा आपोआपच थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं.

जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या भागात सेंटिमीटरहून लहान एक कडी, कडीत ठिपका, भोवती सूज. डॉक्टरांनी सांगितलं, जंताची गाठ आहे. रात्रीपर्यंत गावाच्या व्हॉट्सअॅपवर निदान फिरलं: पत्ताकोबीतली अळी मेंदूत गेली. घरात कोबी बंद झाला. पोराची आजी मला म्हणाली, "आमी तं माळकरी, अंडं बी खात नाई. डुकराचा जंत आमच्या घरात कसा येईन?"

आजींचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी कोबी. त्यावरची हिरवी अळी म्हणजे बहुतेक वेळा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं पिल्लू, ज्यावर आपण फवारणी करतो तेच. भाजीबरोबर पोटात गेली तर पचून जाते. मेंदूत जाणारा जीव वेगळाच आहे, टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी. त्याच्या पिल्लांच्या पिशव्या असलेलं डुकराचं मांस कोणी अर्धकच्चं खाल्लं, की त्या माणसाच्या आतड्यात हा जंत वाढतो. दोन-चार मीटर लांब, फितीसारखा, तुकड्या-तुकड्यांचा. टोकाचे पिकलेले तुकडे शौचावाटे पडतात आणि एकेका तुकड्यात पन्नास हजारांच्या घरात अंडी असतात. हागणदारीत फिरणारं डुक्कर ती खातं, त्याच्या मांसात पुन्हा पिशव्या तयार होतात आणि चक्र पुरं होतं.

आता नीट लक्ष द्या. मांस खाणाऱ्याला आतड्यातला जंत होतो. मेंदूतली गाठ होते ती अंडी गिळणाऱ्याला. आणि ही अंडी येतात माणसाच्या शौचातून. ज्याच्या पोटात जंत आहे त्याने हात न धुता पोळी वाढली, सांबार (कोथिंबीर) चिरला, पाण्याच्या माठात हात बुडवला, तर ती माळकऱ्याच्याही ताटात येतात. १९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डुकराचं मांस वर्ज्य मानणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांत असेच रुग्ण सापडले होते. संशय ठरला तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामाच्या बायकांच्या आतड्यातल्या जंतावर. कोबी, मुळा, सांबार ही अंडी वाहून आणू शकतात, हे खरं. पण दोष भाजीचा नाही, शेताच्या बांधावर बसणाऱ्याचा आहे.

मला या जंताचं खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. अंड्याचं कवच पोटातल्या रसांनी विरघळतं आणि सहा बारीक हुक असलेला सूक्ष्म भ्रूण मोकळा होतो. आतड्याची भिंत भेदून तो रक्तात शिरतो आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीत अडकतो. तिथे दोन-तीन महिन्यांत स्वच्छ पाण्याची पिशवी बनते, आत उलटं दुमडलेलं जंताचं डोकं. स्कॅनमधला ठिपका तोच. अशा परक्या जिवावर आपल्या प्रतिकारशक्तीने तुटून पडायला हवं, पण पिशवी तिला गुंगारा देते. तिचं पॅरामायोसिन हे प्रथिन रक्तातल्या 'कॉम्प्लिमेंट' नावाच्या मारक साखळीची पहिली कडीच अडवतं. टीनियास्टॅटिन हा तिचा दुसरा पदार्थ पांढऱ्या पेशींची वाढ दाबतो. वर पिशवी आपल्याच प्रतिपिंडांचं पांघरूण घेऊन बसते. अशी ती वर्षानुवर्षं राहते आणि बहुतेकदा माणसाला पत्ताही नसतो. भारतात नोकरी केलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या नोंदींतही हेच दिसलं: संसर्ग इथला, पहिली फिट कित्येक वर्षांनी मायदेशी.

मग पोराला फिट त्याच दिवशी का आली? कारण पिशवी मरू लागली होती. म्हातारी झाली की तिची ही शस्त्रं बोथट होतात. आतलं पाणी गढूळ, चिकट होतं, भिंत झिरपते आणि इतकी वर्षं लपलेली प्रथिनं उघड्यावर येतात. आता पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, भोवतालचे मज्जातंतू चिडतात. मेंदूत एका पेशीने दुसरीला 'पेटव' म्हणायचं आणि तिसरीने 'थांब' म्हणायचं, असा तोल सतत चाललेला असतो. सुजेच्या जागी 'थांब' दुबळं पडतं आणि हजारो पेशी एका तालात पेटतात. जागा डाव्या मेंदूत हाताचा ताबा ठेवणाऱ्या पट्ट्याजवळ होती, म्हणून सुरुवात उजव्या बोटांपासून झाली. बाहेरचं काही नव्हतं, बोटांनीच आतला पत्ता सांगितला होता.

हा जंत जिथे रुजलेला आहे, तिथे मिरगीच्या दर १०० पैकी साधारण ३० रुग्णांचं मूळ तोच असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी भारतात अशी एकटी कडी दिसली की क्षयाची गाठ समजत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा बहुतेक जंताच्या निघाल्या.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. फिटची गोळी, सुजेसाठी स्टेरॉइड, बऱ्याचदा अल्बेंडाझोल हे जंतनाशक. पण शाळेत मिळणारी जंताची एक गोळी वेगळी आणि हा उपचार वेगळा. औषधाने पिशव्या एकदम मेल्या तर सूज भडकते, म्हणून दुकानातून गोळ्या आणून आपल्या मनाने घेऊ नका. फिटची गोळी तर सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं शौच तपासायला सांगितलं, तेव्हा घर दुखावलं. ती तपासणी कोणाच्या आचारावर बोट ठेवण्यासाठी नव्हती. आतड्यातला जंत बाळगणारा माणूस बहुधा ठणठणीत असतो आणि त्याला स्वतःला ठाऊक नसतं. तो सापडला तर साध्या औषधाने जंत जातो आणि पुढची अंडी थांबतात. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. या मुलखात हातात खराटा घेऊन ते गावं झाडत फिरले, आणि आपल्याच गावांत संडासात कुटार भरून ठेवलेलं पाहिलं की मला राग येतो.

सहा महिन्यांनी पोराचा दुसरा स्कॅन झाला. कडी गेली, सूज गेली, मोहरीएवढा पांढरा ठिपका उरला. चुना साचलेल्या अशा ठिपक्याभोवतीही कधी कधी पुन्हा सूज येते, म्हणून गोळ्या चालू आहेत. तो शाळेत जातो, विहिरीत पोहायला अजून कोणी सोडत नाही. आजींनी परवा कोबी आणला. पानं सुटी करून तीन पाण्यांनी धुतली आणि त्याआधी साबणाने हात.