विमान डावीकडे का पळतं?

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा.

"काका, माझी जॉयस्टिक गेली बहुतेक. थ्रॉटल दिला की विमान धावपट्टी सोडून डावीकडे गवतात जातंय. तीनदा झालं."

"पायाने काय करतोयस?"

"पायाने? काहीच नाही."

"मग जॉयस्टिक ठणठणीत आहे."

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा, म्हणजे सिम्युलेटरचा, नाद मला पंधरा-सोळा वर्षांपासून आहे. त्यामुळे सोसायटीत, ऑफिसात, नात्यात कुणी या नादाला लागलं की त्याचे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. प्रश्न बहुतेक ठरलेले. गंमत अशी, की नवशिका ज्याला बिघाड समजतो ते पुष्कळदा अस्सल भौतिकशास्त्र निघतं, आणि ज्यासाठी तो स्वतःच्या हातांना नावं ठेवतो तिथे दोष असतो यंत्राचा. कुठलं काय ते ओळखायचं कसं, एवढंच मी सांगत बसतो.

आधी ते डावीकडे पळणं. हा मुलगा उडवत होता सेसना १७२. चार आसनी, एका इंजिनाचं विमान. १९५० च्या दशकापासून आजवर चाळीस हजारांहून जास्त बनली आहेत आणि जगभरातले असंख्य वैमानिक यावरच शिकले आहेत. वैमानिकाच्या खुर्चीतून पाहिलं तर हिचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा सरळ जात नाही. स्क्रूच्या आट्यांसारखी विमानाभोवती वेढे घेत ती शेपटीपर्यंत पोचते आणि उभ्या शेपटीला डाव्या अंगाने धडकते. शेपूट उजवीकडे ढकललं गेलं की नाक डावीकडे वळतं. शिवाय इंजिन पंख्याला एका दिशेने पिळतं तेव्हा तेवढ्याच जोराने विमानाचं धूड उलट्या दिशेने पिळलं जातं. न्यूटनचा तिसरा नियम. त्यामुळे डावं चाक जमिनीवर जास्त दाबलं जातं. आणि नाक उचललं की उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त कोनात कापतं, म्हणजे उजवी बाजू डावीपेक्षा जोरात ओढते. तिन्ही कारणं एकाच दिशेला. म्हणून पूर्ण थ्रॉटल देताना उजव्या पायाने रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा हलणारा भाग, दाबावाच लागतो. पायाची पेडल्स नसतील तर जॉयस्टिक मनगटाने उजवीकडे पिळायची. तीही सोय नसेल तर रडर आपोआप सांभाळण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो. लाज वाटायचं कारण नाही.

त्या मुलाचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. "पण हे डावीकडे ओढायचं प्रोग्रामिंग कुणी केलं?"

बरंचसं कुणीच नाही. चांगल्या सिम्युलेटरमध्ये "थ्रॉटल दिला की डावीकडे वळव" अशी ओळ लिहायची गरज नसते. सेकंदाला कित्येक वेळा तो एकच हिशोब करतो: या क्षणी विमानावर कुठे किती बल आहे, त्यातून त्वरण किती, मग पुढच्या क्षणी विमान कुठे असेल. फरक असतो तो बल काढण्याच्या रीतीत. काही प्रोग्राम आधी तयार केलेले तक्ते वापरतात. ऑस्टिन मेयर यांचा एक्स-प्लेन पंखांचे आणि पंख्याच्या पात्यांचे छोटे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावरचं बल काढून बेरीज करतो. फ्लाइटगिअर फुकट आहे, त्याची आतली समीकरणंही उघडून वाचता येतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना मी तोच सुचवतो.

समीकरणांची ही करामत घरबसल्या पडताळता येते. सेसना चार-पाच हजार फुटांवर न्या, वेग साधारण ९० नॉटवर आणा आणि ट्रिमचं (स्टिक धरून ठेवायचं काम स्वतःकडे घेणारं) चाक फिरवत राहा, जॉयस्टिकला हात न लावता विमान सरळ जाईपर्यंत. आता स्टिक हलकेच मागे ओढून वेग दहा नॉट कमी करा, सोडून द्या आणि घड्याळ बघत बसा. नाक खाली जाईल, वेग वाढेल. वेग वाढला की उचल वाढेल, नाक वर येईल. वर चढताना वेग पुन्हा घटेल. विमान झोपाळ्यासारखे लांबलचक हेलकावे घेत हळूहळू पूर्वपदावर येतं. एका हेलकाव्याचा काळ साधारण वेगाला ४.४ ने गुणून गुरुत्वत्वरणाने भागला की मिळतो. ९० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ मीटर. उत्तर येतं २१ सेकंद. हे ढोबळ गणित आहे, पडद्यावर थोडा जास्त वेळही लागेल. पण येतं ते याच घरात.

या हेलकाव्याला 'फ्युगॉइड' हे नाव इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने दिलं. त्याला ग्रीकमधून 'उडणे' या अर्थाचा शब्द हवा होता. इंग्रजीत उडण्याला आणि पळून जाण्याला एकच शब्द असल्याने घोटाळा झाला आणि त्याने उचलला तो पळून जाण्याचा शब्द. विमानशास्त्राने तो तसाच ठेवला.

हेच हेलकावे बघून नवशिका घाबरतो आणि दुरुस्त करायला जातो. नाक खाली चाललं म्हणून ओढतो, वर आलं म्हणून ढकलतो, आणि दर दोन-तीन सेकंदांनी विमान मान डोलवायला लागतं. बाथरूममधल्या गरम-थंड नळासारखं आहे हे. पाणी गार लागलं म्हणून गरम वाढवायचं, ते पोचेपर्यंत धीर नाही म्हणून आणखी वाढवायचं, आणि मग चटका. म्हणून माझं पहिलं औषध ठरलेलं: हात सोडून बघ. हात सोडल्यावर संथ हेलकावे घेत विमान शांत झालं, तर चूक हाताची. हात सोडूनही नाक बारीक थरथरत राहिलं, तर जॉयस्टिक तपासायची.

मोठ्या एअरबसवरून सुरुवात करणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. तिथे स्टिक सोडली की कॉम्प्युटर नाक आहे तिथे धरून ठेवतो आणि ट्रिमही स्वतःच करतो. ती सवय घेऊन माणूस सेसनात बसला की त्याला विमान अडेलतट्टू वाटतं. सेसना ट्रिम केली जाते ती वेगासाठी. इंजिनाची ताकद कमी केली तर ती वेग राखायला बघते आणि त्यासाठी खाली उतरते. वाढवली तर वर चढते. थ्रॉटल म्हणजे उंची आणि नाक म्हणजे वेग, हे गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. "इंजिन चालू आहे, मग स्टॉल कसा?" हा प्रश्नही गाडीवाल्यांचाच. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. पंख हवेला साधारण १५-१६ अंशांहून जास्त कोनात भिडला की वरून वाहणारी हवा त्याला चिकटून राहत नाही आणि उचल कोसळते.

पण सगळ्यात जास्त फोन येतात ते लँडिंगचे. त्याचं मूळ समजायला जरा मागे जायला हवं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. एडविनने १९२९ मध्ये तिथलेच भाते आणि हवेचे पंप वापरून एक छोटं खोटं विमान बनवलं. आपल्या बाजाच्या पेटीत असतात त्या जातीचे भाते फुगायचे, मिटायचे आणि ते विमान डुलायचं, कलायचं. लोकांनी ते जत्रेतला खेळ म्हणून पाहिलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपालवाहतूक आली, खराब हवेत एकामागून एक वैमानिक दगावले आणि मग लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. त्या डब्यात बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नसे; समोर फक्त काटे आणि खाली हलणारी खुर्ची.

आपलं घरचं सिम्युलेटर नेमकं उलटं. दिसतं भरपूर, पण खुर्ची ढिम्म हलत नाही. खरा वैमानिक वजन बुडाखाली जड-हलकं होताना ओळखतो, कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका त्याला वळण सांगतात, स्टिक हाताला जड लागते. यातलं काहीच आपल्याला मिळत नाही. सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि तेही अपुरे. २४ इंची मॉनिटर ६० सेंटीमीटरवर ठेवला तर तो नजरेचे जेमतेम ४८ अंश व्यापतो. दोन्ही डोळ्यांना मिळून आडवं १८० अंशांहून थोडं जास्तच दिसतं. खऱ्या लँडिंगच्या शेवटच्या क्षणांत जमीन वर येतेय हे कळतं ते याच कडेच्या नजरेमुळे. बरेच प्रोग्राम त्या ४८ अंशांत ६०-७० अंशांचं दृश्य कोंबतात. मग धावपट्टी आहे त्याहून दूर आणि बारीक दिसते, आणि माणूस उशिरा नाक उचलून आपटतो. यावर उपाय दोन: दृश्य थोडं झूम करा, आणि धावपट्टीच्या उंबऱ्यावर आल्यावर चाकांपुढची जमीन न बघता पट्टीचं पार पलीकडचं टोक बघा.

दुसरी खोड घाईने येण्याची. सेसना ६५ नॉटच्या आसपास आणायची असते, नवशिका आणतो ९० ने. वेग दीडपटही नाही, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणजे जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. त्यात जमिनीपासून पंखांच्या लांबीइतक्या, म्हणजे ११ मीटरच्या आत आलं की पंखांच्या टोकांचे भोवरे जमिनीमुळे नीट वळू शकत नाहीत आणि हवेचा अडथळा घटतो. विमान उतरायला तयारच होत नाही, तरंगत राहतं. "ब्रेक लागत नाहीत" म्हणून फोन येतो तेव्हा चाकं अजून हवेतच असतात.

उंचीबद्दल एक किस्सा. प्रत्येकाला पहिल्यांदा आपल्या घरावरूनच उडायचं असतं. ऑफिसातल्या एका मित्राने लोहगावच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण केलं (१० म्हणजे होकायंत्रावर साधारण १०० अंश), खडकवासल्याकडे वळला, ऑटोपायलटला ३,००० फूट सांगितले आणि चहा आणायला गेला. परत येईपर्यंत विमान सिंहगडाच्या कड्यात. उंचीमापक मोजतो ती समुद्रसपाटीपासूनची उंची. लोहगावच सुमारे १,९४० फुटांवर आहे आणि सिंहगड ४,३०० वर. त्याचे तीन हजार फूट म्हणजे पुण्याच्या डोक्यावर फक्त हजार. खऱ्या लोहगावावर हवाई दलाचं राज्य आहे, तिथे कुणी त्याला असं हुंदडू दिलंही नसतं.

हा उंचीमापक मुळात हवेचा दाब मोजतो. हे बघायला आपला पावसाळा बरा: खरं हवामान चालू करून जुलैत जुहूच्या धावपट्टीवर उभे राहा. मुंबईतला दाब तेव्हा १००० ते १००५ हेक्टोपास्कलच्या घरात असतो, यंत्र मात्र प्रमाणित १०१३ वर लावलेलं. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट, म्हणजे चाकं जमिनीवर असताना काटा तीनशेच्या आसपास! मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये 'बी' दाबलं की दाब जुळतो.

खरे बिघाड आता थोडक्यात. स्वस्त जॉयस्टिकमध्ये आत रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा घासणारा रोधक असतो. तो झिजला की आकडे उड्या मारतात. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत हात न लावता फुली नाचताना दिसली की समजावं. सेटिंग्जमध्ये मधल्या भागात थोडा निष्क्रिय पट्टा, म्हणजे बारीक हालचाल न मोजणारा भाग, ठेवला तर काम भागतं. इंजिन स्वतःहून मंद होत असेल तर एकाच थ्रॉटलला दोन उपकरणं जोडली गेलीत का बघा. चित्र अडखळत असेल तर आधी रिझोल्यूशन कमी करून पाहा. चित्राचा वेग वाढला तर ताण ग्राफिक्स कार्डावर होता. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर दमलाय. मग इमारती आणि विमानतळावरची गर्दी कमी करायची. एक्स-प्लेनची चित्रं सेकंदाला वीसच्या आसपासच्या मर्यादेखाली गेली की तो आपलं घड्याळच संथ करतो, आणि तुमची ९० नॉटची सेसना बैलगाडीसारखी सरकते.

आणि कधी दोष नकाशाचा असतो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आला तेव्हा मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजली सुळका उभा दिसला. खुल्या नकाशात कुणीतरी २ ऐवजी २१२ मजले टंकले होते. लोक मुद्दाम तो बघायला उडत गेले.

परवा वरच्या मजल्यावरून पुन्हा फोन. त्याने टायगर मॉथ हे जुनं विमान डाउनलोड करून घेतलं होतं.

"काका, उजवा पाय दाबला, तरी गवतात गेलो. या वेळी उजवीकडच्या."

"हात सोडून बघितलंस?"

"बघितलं. मग इंजिन हळू करून पंखा बघत बसलो." थोडं थांबून म्हणाला, "हा उलटा फिरतो, काका."