सहा मसुदे, अंतिम एकही नाही: पश्चिम घाटाच्या वादाची पार्श्वभूमी

३१ जुलै २०२४ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटासाठी आणखी एक मसुदा अधिसूचना काढली. सहा राज्यांतला मिळून ५६,८२५.७ चौरस किलोमीटर भाग ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील’ म्हणून जाहीर करण्याचा तो प्रस्ताव होता. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा, गोव्याचा १,४६१चा. आदल्याच दिवशी पहाटे केरळच्या वायनाडमध्ये डोंगर खचून मुंडक्काई आणि चूरलमला ही गावे गाडली गेली होती. त्यामुळे सरकारला आता जाग आली, असे अनेकांना वाटले. पण हा मसुदा सहावा होता. पहिला १० मार्च २०१४ला निघाला होता. लोकांच्या हरकतींसाठी साठ दिवस, मग राज्यांशी चर्चा, मग मुदत संपून मसुदा बाद आणि पुन्हा नवा मसुदा. तोवर दहा वर्षे हेच चालले होते.

टीव्हीवरच्या चर्चेत या वादाला ‘पर्यावरण विरुद्ध विकास’ म्हणतात. मला ही मांडणी अपुरी वाटते. घाटातल्या माणसाने जंगल नको असे कधी म्हटलेले नाही. आपल्या डोंगराबद्दल, खाडीबद्दल, चिरेखाणीबद्दल निर्णय घेणार कोण, हा वाद आहे, आणि तो या अधिसूचनेहून कितीतरी जुना आहे.

इंग्रजांच्या १८७८च्या वन कायद्याने गावाचे रान सरकारचे केले. लाकूडफाटा, चराई, राब (भाताची रोपे करण्याआधी जमिनीवर जाळायचा पालापाचोळा) यांसाठी रानात जाणारा माणूस रातोरात गुन्हेगार ठरला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, तो याच रागातून. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली. स्वातंत्र्य आले, पण वनखात्याचा कारभार फारसा बदलला नाही. ‘संरक्षित’, ‘राखीव’, ‘संवेदनशील’ असे शब्द सरकारी कागदावर दिसले की घाटातले म्हातारे सावध होतात, त्याचे कारण या अनुभवात आहे. त्यांना अडाणी किंवा विकासाच्या भुलीला बळी पडलेले समजणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

१९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा आला. एखाद्या भागात कोणते उद्योग चालतील, कोणते नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. त्याचा वापर सुरुवातीलाच महाराष्ट्रात झाला: १९८९ साली मुरुड-जंजिरा, १९९१ साली डहाणू, २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी, २००३ साली माथेरान. डहाणूसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने १९९८ साली डहाणूजवळच्या वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणाने त्याच बंदराला परवानगी दिली. वरून आलेले संरक्षण वरूनच काढूनही घेता येते, हे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना यातून कळले.

घाटाचा एकसंध विचार मात्र सरकारने नाही, कार्यकर्त्यांनी सुरू केला. नोव्हेंबर १९८७मध्ये एक तुकडी उत्तरेकडून तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या नवापूरहून निघाली, दुसरी दक्षिणेकडून कन्याकुमारीहून. गावागावांत थांबत, लोकांशी बोलत दोन्ही तुकड्या फेब्रुवारी १९८८मध्ये गोव्यात फोंड्याजवळ रामनाथीला भेटल्या. ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रेने तापीपासून कन्याकुमारीपर्यंतची सुमारे पंधराशे किलोमीटरची रांग हा एकच प्रश्न म्हणून मांडला. त्याच चळवळीतल्या लोकांनी फेब्रुवारी २०१०मध्ये निलगिरीतल्या कोटगिरीला बैठक घेतली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश तिथे आले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ.

गाडगीळांनी ऑगस्ट २०११च्या अखेरीस अहवाल दिला. १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा सगळा घाट संवेदनशील मानून त्यांनी त्याचे तीन स्तर केले. पहिल्या स्तरात नवीन खाणी नाहीत, चालू खाणी २०१६पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद; मोठी धरणे, अतिप्रदूषक कारखाने, नवी हिल स्टेशने नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या स्तरात हळूहळू सैल नियम. नकाशा १४२ तालुक्यांचा होता. पण समितीने स्वच्छ लिहिले होते की ही आखणी तात्पुरती आहे. सीमा आणि नियम शेवटी ग्रामसभांच्या चर्चेतून ठरावेत. त्यासाठी आधार होता पंचायतींना अधिकार देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीचा आणि २००६च्या वनहक्क कायद्याचा. अशा कारभाराचे उदाहरण महाराष्ट्रातच होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले होते.

या अहवालातली कोकणाची पाने मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. चिपळूण-खेडच्या मधल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांनी सुमारे ११ हजार जणांना रोजगार दिला, पण त्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या सुमारे २० हजार मच्छीमारांचे पोट मारले, असा हिशेब समितीने मांडला. दुसरी नोंद त्याहून बोलकी आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात पोलीस कायद्याचे कलम ३७ लावून १९१ दिवस जमावबंदी होती. लोक तक्रार घेऊन एकत्र येऊ नयेत म्हणून हे कलम कसे वापरले जाते, हे समितीने उघड लिहिले. सिंधुदुर्गातल्या कळण्याच्या लोहखाणीची २००८मधली जनसुनावणी तर पुढे ढकलावी लागली होती, कारण पर्यावरणीय परिणामांचा अहवाल मराठीत दिलाच नव्हता. कायदे होते, ते पाळणारी आणि लोकांचे ऐकणारी यंत्रणा नव्हती. मला तरी या अहवालाचा कणा निर्बंधांच्या यादीत नाही, इथे दिसतो.

मंत्रालयाने तो दाबून ठेवला. एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात मागितला तरी दिला नाही. एप्रिल २०१२मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो जाहीर करा असा आदेश दिला, तेव्हा मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. मे २०१२मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. मधल्या नऊ महिन्यांत अफवांना भरपूर मोकळे रान मिळाले होते. घर बांधता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, तालुका ‘एक नंबर’मध्ये आला म्हणजे उठावे लागणार, असे गावोगाव सांगितले गेले. कोकणात जांभ्याचा चिरा काढून घर बांधणाऱ्याला ‘खाणबंदी’ म्हणजे आपलीच बंदी वाटली, तर त्यात नवल नाही. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. महाराष्ट्र शासनाने लोकांपुढे ठेवलेला मराठी सारांश विपर्यस्त होता, अशी तक्रार गाडगीळांनी पुढे जाहीरपणे केली. ज्या ग्रामसभांनी निर्णय घ्यावा असे अहवाल म्हणत होता, त्यांच्या हाती तो त्यांच्या भाषेत धडपणे पोचलाच नाही.

सगळ्या राज्यांनी नापसंती कळवल्यावर केंद्राने ऑगस्ट २०१२मध्ये दुसरा गट नेमला. इस्रोचे माजी अध्यक्ष के. कस्तुरीरंगन त्याचे प्रमुख. त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग केले, एक नैसर्गिक आणि दुसरा माणसाच्या वस्तीचा-शेतीचा. १,६४,२८० चौरस किलोमीटरपैकी सुमारे ३७ टक्के, म्हणजे साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र संवेदनशील ठरवले. तालुक्याऐवजी गाव हे एकक धरले. खाणी, अतिप्रदूषक उद्योग, औष्णिक वीज आणि २० हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामे यांना बंदी. जलविद्युत प्रकल्पांना अटींसह वाव. वर्तमानपत्रांनी याला ‘मधला मार्ग’ म्हटले. क्षेत्रफळाच्या दृष्टीने तो होताही. पण ग्रामसभेने ठरवायचे हा गाडगीळांचा मुद्दा त्यात मागे पडला आणि नकाशा वरूनच आला. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही असे म्हणणारा अहवाल घटनेने दिलेले अधिकार डावलतो, असे गाडगीळांनी मे २०१३मध्ये कस्तुरीरंगन यांना उघड पत्र लिहून सुनावले. दोन्ही अहवालांची तुलना करताना बहुतेक जण टक्के मोजतात. खरे अंतर या पत्रात आहे.

नोव्हेंबर २०१३मध्ये केंद्राने कस्तुरीरंगन यांच्या क्षेत्रासाठी निर्देश काढले आणि केरळ पेटले. इडुक्की, वायनाडमध्ये बंद झाले, चर्च रस्त्यावर उतरले, डाव्या पक्षांनी साथ दिली. इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस गाडगीळ अहवालाच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली गेली आणि २०१४ला त्यांना पक्षाने इडुक्कीतून उमेदवारीही दिली नाही. डाव्यांच्या पाठिंब्यावरचा अपक्ष तिथून निवडून आला. त्यानंतर घाटातल्या कोणत्याही राज्यात कोणत्याही मोठ्या पक्षाने हा अहवाल हातात धरलेला नाही. केरळने स्वतःची समिती नेमून संवेदनशील क्षेत्र १३,१०८वरून ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आणले. महाराष्ट्रात सिंधुदुर्गाचे नेते नारायण राणे यांनी उघड विरोध केला. पुढे सरकारे बदलली, पण गावे वगळा ही मागणी राहिली. कर्नाटकात आधी भाजपच्या सरकारने विरोध केला आणि सप्टेंबर २०२४मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल सरळ फेटाळला. केंद्रात मसुदे काढणारी आणि राज्यांत ते अडवणारी माणसे कित्येकदा एकाच पक्षाची असतात. हवामान बदलावर भाषण करताना मात्र सगळ्यांचा सूर एक असतो.

दरम्यान डोंगर खचत राहिले. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये दीडशेच्या आसपास माणसे गेली. २०१८ला केरळात महापूर आला, आणि मसुदा प्रलंबित असताना त्यातले क्षेत्र कमी करू नका, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बजावले. २०२१ला महाडजवळ तळीये, २०२३ला खालापुरात इर्शाळवाडी. प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘गाडगीळांचे ऐकले असते तर’ हे वाक्य येते. ते मला सरसकट पटत नाही. अधिसूचना असती तरी काही ठिकाणी दरड कोसळलीच असती, कारण पाऊस बदलला आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वायनाडचा तो पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता, असा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाचा अंदाज आहे. पण पाऊस असा वाढत असताना उतार कापणे, झाडोरा काढणे, ओढे बुजवणे चालू ठेवले, की नुकसान किती पटीने वाढते ते डोळ्यांसमोर आहे. २९ जुलै २०२१ रोजी त्याच कळणे खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोंढा खालच्या घरांत, शेतांत, बागायतीत घुसला. त्या शेतात पुन्हा भात लावायचा तर आधी खाणीचा गाळ उपसावा लागतो.

दोडामार्ग तालुक्यात हा सगळा वाद एका जागी पाहता येतो. गाडगीळांच्या अहवालात तो होता. कस्तुरीरंगन यांच्या यादीतून अख्खा तालुका गळला. राधानगरी आणि गोव्यातल्या म्हादईच्या मधला वाघांचा मार्ग इथूनच जातो. इथल्या डोंगरांवरची झाडे तोडून रबर आणि अननसाच्या बागा उभ्या राहिल्या. विशेष म्हणजे ‘स्थानिकांना निर्बंध नकोत’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. गाडगीळ समिती काम करत असतानाच सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले होते, की आमचा भाग संवेदनशील म्हणून जाहीर करा. त्या ठरावांना सरकारने उत्तर दिले नाही. पर्यावरण संस्था उच्च न्यायालयात गेल्या. २०१३ला दोडामार्गात वृक्षतोडीला अंतरिम बंदी आली, तरी तोड थांबली नाही. मार्च २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग भ्रमणमार्गातल्या २५ गावांना संवेदनशील क्षेत्राचा दर्जा देण्याची प्रक्रिया चार महिन्यांत पूर्ण करा, असा आदेश दिला. तो चार महिन्यांचा काळ संपत होता, त्याच सुमारास सहावा मसुदा निघाला. त्यात महाराष्ट्राचे क्षेत्र पूर्वीइतकेच, १७,३४० चौरस किलोमीटर होते.