अमेरिकेत युद्ध सुरू करायला साधं बहुमत, थांबवायला दोन तृतीयांश: हे असं कसं झालं

१७८२ म्हटलं की आपल्याला सालबाईचा तह आठवतो, महादजी शिंदे आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट. पण त्याच वर्षी लंडनमध्ये जे घडलं ते फारसं कोणाला माहीत नसतं, आणि संसद चालू युद्ध थांबवू शकते का या प्रश्नाची गोष्ट मला तिथूनच सुरू करावीशी वाटते.

ऑक्टोबर १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आला, तरी तिसऱ्या जॉर्ज राजाला अमेरिकेतलं युद्ध चालूच ठेवायचं होतं. जनरल कॉनवे नावाच्या खासदाराने २२ फेब्रुवारी १७८२ ला युद्ध बंद करा असा प्रस्ताव आणला, तो १९३ विरुद्ध १९४, म्हणजे फक्त एका मताने पडला. पाचच दिवसांनी त्याने परत आणला आणि या वेळी २३४ विरुद्ध २१५ ने पास झाला, आणि २० मार्चला पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने राजीनामा दिला. राजाची इच्छा असूनही युद्ध पुढे रेटता आलं नाही, कारण सैन्याचा पैसा पार्लमेंट मंजूर करायचं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. मे महिन्यात त्याच सभागृहाने बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांना परत बोलवा असा ठराव केला, मराठ्यांशी केलेल्या युद्धाचाही राग त्यामागे होता. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांनी तो मानलाच नाही आणि हेस्टिंग्ज १७८५ पर्यंत इथेच राहिला. ते युद्ध कंपनीच्या तिजोरीतून चाललं होतं ना, पार्लमेंटच्या नाही. माझ्या मते सगळा विषय या दोन ठरावांच्या फरकात आहे, ठराव करणं वेगळं आणि पैसा हातात असणं वेगळं.

पाच वर्षांनी, १७ ऑगस्ट १७८७ ला, फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिणारे लोक याच मुद्द्यावर बसले होते. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, द्यायचं ठरलं. तिथे एल्सवर्थ म्हणाला की युद्धात शिरण्यापेक्षा त्यातून बाहेर पडणं सोपं असायला हवं, मेसनचंही म्हणणं तेच, युद्धाला अडथळे घाला आणि शांततेची वाट सोपी करा. मग बटलरने सुचवलं की युद्धाचा अधिकार देताय तर शांतता करायचाही काँग्रेसला द्या, आणि ते सर्वानुमते फेटाळलं गेलं! म्हणजे दार उघडायची किल्ली काँग्रेसकडे लिहून दिली, बंद करायची नाही. राहिली ती तिजोरी, आणि सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळाचा पैसा मंजूर करायचा नाही हे एक कलम.

जानेवारी १८४८ मध्ये मेक्सिकोचं युद्ध चालू असताना प्रतिनिधी सभेने (काँग्रेसचं एक सभागृह, दुसरं सिनेट) ८५ विरुद्ध ८१ ने म्हटलं की हे युद्ध अध्यक्षाने विनाकारण आणि घटनाबाह्य पद्धतीने सुरू केलंय. बाजूने मत देणाऱ्यांत तरुण अब्राहम लिंकन होता. पण सैन्याची रसद मात्र कोणी तोडली नाही, लिंकननेही नाही, कारण मैदानातल्या जवानांना उपाशी ठेवलं हा आरोप कुठल्याच लोकप्रतिनिधीला झेपत नाही.

व्हिएतनाममध्ये हेच सगळं फार मोठ्या किमतीला परत घडलं. अध्यक्षाला तिथे लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ऑगस्ट १९६४ चा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधी सभेत ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ ने पास झाला. मग बाहेर पडायची धडपड बघा. १ सप्टेंबर १९७० ला मॅकगव्हर्न आणि हॅटफिल्ड यांची सैन्य परत आणायची दुरुस्ती सिनेटमध्ये मताला आली. मॅकगव्हर्न स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचा पायलट होता, ३५ मोहिमा केलेला माणूस, तो उभा राहिला आणि सहकाऱ्यांना तोंडावर म्हणाला की ५०,००० तरुणांना अकाली थडग्यात पाठवण्यात इथल्या प्रत्येक सिनेटरचा वाटा आहे, या सभागृहातून रक्ताचा वास येतोय. तरी दुरुस्ती ५५ विरुद्ध ३९ ने पडली. जानेवारी १९७१ मध्ये टोंकिनचा ठरावच रद्द झाला, आता तरी युद्ध थांबेल असं कोणालाही वाटेल, पण अध्यक्ष निक्सन म्हणाले सरसेनापती म्हणून मला अधिकार आहेच, आणि अमेरिकेचं सैन्य आणखी दोन वर्षं लढत राहिलं.

जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला व्हिएतनामचा शांतता करार झाला, कंबोडियावर बॉम्ब मात्र पडतच होते. जूनमध्ये काँग्रेसने शेवटी तिजोरीला हात घातला आणि बॉम्बफेकीचा पैसा बंद करणारं बिल पास केलं. निक्सननी २७ जूनला व्हेटो केला, म्हणजे सही न करता ते परत पाठवलं. व्हेटो मोडायला दोन तृतीयांश लागतात, मतं पडली २४१ विरुद्ध १७३, म्हणजे स्पष्ट बहुमत असूनही हरले! मग तडजोड झाली, १५ ऑगस्टपर्यंत चालू द्या, त्यानंतर एक डॉलरही नाही.

हे ४५ दिवस मला फार अस्वस्थ करतात. एलिझाबेथ होल्ट्झमन या काँग्रेस सदस्य कोर्टात गेल्या, सोबत हवाई दलाचे काही अधिकारीही. जिल्हा न्यायाधीशांनी बॉम्बफेक बेकायदा ठरवली, वरच्या कोर्टाने स्थगिती दिली, ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या जस्टिस डग्लसनी स्थगिती उठवली आणि त्याच दिवशी बाकीच्या आठ जणांनी त्यांचा निर्णय फिरवला. मग दोनतीन दिवसांतच एका बी-५२ बॉम्बर विमानाने चुकून न्याक लूंग या मित्रपक्षाच्याच गावावर बॉम्ब टाकले, १३७ माणसं मेली. पुढे अपील कोर्ट म्हणालं की १५ ऑगस्टची तारीख मान्य करून काँग्रेसने तोपर्यंतच्या बॉम्बफेकीला संमतीच दिली होती. १५ ऑगस्टला मात्र विमानं खरंच थांबली, कारण पैसा संपला.

त्याच नोव्हेंबरमध्ये, निक्सनचा व्हेटो मोडून, युद्ध-अधिकारांचा कायदा आला. ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत परवानगी घ्या, आणि काँग्रेसने दोन्ही सभागृहांत साधा ठराव केला तर अध्यक्षाच्या सहीशिवाय सैन्य परत आणा. हे शेवटचं कलम म्हणजे बटलरला नाकारलेली किल्लीच होती. पण १९८३ मध्ये चड्ढा केसमध्ये, जी मुळात केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीची होती, युद्धाशी तिचा काडीचा संबंध नव्हता, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सहीशिवायच्या अशा ठरावांना कायद्याचं बळ नाही. परत सही, परत व्हेटो, परत दोन तृतीयांश.

त्यामुळे २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातून अंग काढून घ्यायचा ठराव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधी सभेत २४७ विरुद्ध १७५ ने पास झाला तरी ट्रम्प यांच्या एका व्हेटोवर अडकला. २ मे ला सिनेटमध्ये तो मोडायचा प्रयत्न झाला, ५३ जण बाजूने, ४५ विरोधात, आणि सौदी आघाडीला मिळणारी अमेरिकेची मदत तशीच चालू राहिली.