गवताच्या आधी ठराव

मे महिन्यात लामकानीच्या डोंगरावर पाण्याच्या एका बाटलीने मी साधा प्रयोग केला. धुळे तालुक्यातल्या या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून डोंगरावर कुरण उभं केलंय. कुरणाच्या हद्दीबाहेर, जिथे शेळ्या-गुरं रोज फिरतात, तिथे अर्धी बाटली ओतली. पाणी क्षणभर थबकलं आणि तांबूस होऊन उताराला लागलं. उरलेलं पाणी हद्दीच्या आत, गवताच्या वाळक्या ठोंबाच्या बुडाशी ओतलं. तिथे ओल्या डागाशिवाय काहीच उरलं नाही. सोबतचे आजोबा अहिराणीत म्हणाले, "देख भाऊ, आते पानी पयत नही, जिरस." म्हणजे आता पाणी पळत नाही, जिरतं.

हे का होतं? जोराच्या सरीतला टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीची ढेकळं तो फोडतो, बारीक कण उडवतो. हेच कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पातळ पापुद्रा धरतो. मग पुढच्या सरींना आत शिरायला वाट नसते. गवत असलं की थेंब आधी पात्यावर फुटतो आणि खाली हळूच उतरतो. जुनी मुळं कुजून झालेल्या बारीक नळ्या, वाळवीची आणि मुंग्यांची बिळं ही पाण्याची दारं. यातलं एकही दार माणसाने खणलेलं नसतं.

आकडा करून बघा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. म्हणजे 50 मिलिमीटरची एक दणदणीत सर आली की हेक्टरी पाच लाख लिटर. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे लांब खड्डे खणले आणि चर 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल असला, तर त्याच्या एका मीटरमध्ये 180 लिटर मावतात. चर हवेतच, श्रमदानाच्या त्या घामाला मी मनापासून मानतो. पण वरचा उतार उघडा राहिला तर दोन-चार पावसाळ्यांत चर गाळाने भरतो. माती जागेवर धरणारं गवत वर असेल तरच चर टिकतो.

राखलेल्या कुरणात गवतंही एका क्रमाने परततात. अति चराईने झिजलेल्या जमिनीवर बहुधा कुसळीचं राज्य असतं, कारण तिची टोकदार कुसळं जनावराच्या तोंडाला लागतात आणि ती मागे उरते. चराई थांबली की पवन्या, मारवेल, डोंगरी अशी सकस गवतं जागा परत मिळवतात. त्यांना बी धरू द्यावं लागतं, त्यासाठी काही वर्षं कळ काढावी लागते.

आणि खरी अडचण इथेच आहे. ज्याच्या दावणीला दहा शेळ्या आहेत आणि शेत एक बिघाही नाही, त्याने ती वर्षं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय केलेली बंदी पहिल्याच उन्हाळ्यात मोडते. गवत कापून डोक्यावर न्या, पण जनावर आत सोडू नका. एक पट्टा बंद तर दुसरा खुला. कापणीत भूमिहीनांचा वाटा आधी. असे ठराव ग्रामसभेत भांडून, रुसवे काढून करावे लागतात. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाने तिथे गप्प बसून ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खान्देशाला ही रीत नवी नाही. पांझरा नदीच्या काठची फड पद्धत काही शतकं जुनी आहे. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. प्रत्येक फडात बहुतेकांचा तुकडा असायचा आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असलं की ठराविक फडच भिजवायचे. तूट आली तर ती सर्वांच्या वाट्याला यायची. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या पीक राखायचा. गाळ काढायला सगळे यायचे. अभियांत्रिकी दगड-चुन्याची होती, पण ती चालली या वाटणीवर.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990च्या दशकात तोच धागा जंगलाला लावला. गावाने नियम केले, दंड ठरवले, राखण वाटून घेतली आणि सुमारे 445 हेक्टर जंगल पुन्हा उभं केलं. तेवढ्या क्षेत्रावर 50 मिलिमीटरची एक सर म्हणजे 22 कोटी लिटरहून अधिक पाणी. गावाला वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. या कामासाठी, त्यात पुढाकार घेणाऱ्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. तिथली वनभाज्यांची स्पर्धा मला विशेष भावते: आजीला ओळखू येणारी भाजी नातीला ओळखू येणं हेही संवर्धनच.

गावाला एकट्याने जमणार नाही अशाही गोष्टी आहेत. धुळे-नंदुरबारच्या काळ्या पाषाणात लांबच लांब भिंतीसारखे खडक उभे आहेत. लाव्हारस भेगांतून वर चढताना आतच गोठला, त्याचे हे डाइक. भरीव डाइक जमिनीखाली पाणी अडवतो, भेगाळलेला डाइक ते वाहून नेतो. म्हणून भिंतीच्या एका अंगाची विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी असं घडू शकतं. बंधाऱ्याची जागा ठरवताना भूशास्त्रज्ञ सोबत हवा, तसाच तिथली विहीर कधी आटते हे सांगणारा शेतकरीही.

आणखी एक काळजी बोलून दाखवतो. जूनमध्ये उत्साहाने माळरानावर खड्डे खणून दाट झाडं लावली जातात. माळ ओसाड नसतो, तो लांडग्याचं, खोकडाचं, चंडोलाचं घर असतो. विरळ, कोरड्या जंगलाचंही तसंच. 1884 नंतर कुणालाच न गवसलेला रानपिंगळा (एक लहान घुबड) 1997 साली शहाद्याजवळच्या अशाच उघड्या जंगलात पुन्हा दिसला. शास्त्रज्ञ त्याला नामशेष समजत होते.

परतताना गावातल्या एका विहिरीवर थांबलो. काठावरच्या खुंटीला सुतळीचा गुंडाळा टांगलेला होता, खाली दगड बांधलेला, दर हाताला एक गाठ. शाळेतली दोन मुलं महिन्याच्या एक तारखेला ती सोडतात आणि कोरड्या गाठी मोजून वहीत लिहितात. मुलीने वही उघडून दाखवली. मेच्या ओळीत अकरा गाठी होत्या, आणि जूनची ओळ आखून ठेवलेली होती.