नकाशा सॉफ्टवेअरमधील फाइल प्रकार

संगणकीय नकाशा थरांनी बनतो. व्हेक्टर थरात बिंदू, रेषा किंवा बहुभुज असतात. रास्टर थर म्हणजे चौकटींची जाळी. सांगलीच्या पुराच्या नकाशात आयर्विन पुलाची पातळीपट्टी हा बिंदू, कृष्णा ही रेषा, बुडालेला भाग हा बहुभुज आणि उपग्रहचित्र हे रास्टर.

व्हेक्टरमध्ये सर्वांत रुळलेली शेपफाइल ही एक फाइल नसून जुडगा आहे. .एसएचपीत आकृत्या, .एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका, .डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता. या तिन्ही हव्याच. नुसती .एसएचपी पाठवली तर समोरच्याच्या हाती तक्ता लागत नाही. एका नावाच्या सगळ्या फाइली झिप करूनच द्याव्यात.

चौथी, .पीआरजे, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) सांगते आणि तीच बहुधा हरवते. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या पट्टा ४३ उत्तरमध्ये सातारा शहराचे आकडे सुमारे ३,९४,००० आणि १९,५६,००० मीटर येतात. सॉफ्टवेअरने ते अंश समजले की थर नकाशाबाहेर फेकला जातो. अशा वेळी थराला ईपीएसजी ३२६४३, म्हणजे याच पट्ट्याचा सांकेतिक क्रमांक, नेमून द्यावा. 'रीप्रोजेक्ट', म्हणजे दुसऱ्या प्रक्षेपणात रूपांतर, करू नये. त्याने मुळात बरोबर असलेले आकडेच बदलतात.

मराठी तक्त्याची अडचण वेगळी. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला जेमतेम १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. हलन्त आणि मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे 'क्षेत्रफळ'मधला फक्त 'क्ष' उरतो. स्तंभांची नावे रोमनमध्ये द्यावीत, आतली गावांची नावे खुशाल देवनागरीत ठेवावीत. मात्र सोबत अक्षरांची संकेतपद्धती सांगणारी .सीपीजी हवी, नाहीतर अक्षरांचा चुथडा होतो.

नव्या कामाला जिओपॅकेज घ्यावे. २०१४ साली प्रमाणित झालेल्या या एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये अनेक थर एकत्र राहतात आणि लांब मराठी नावेही टिकतात. फाइल क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये उघडी असताना शेजारी ताजे बदल तात्पुरते ठेवणारी -वॉल नावाची फाइल दिसते, तेव्हा नुसती .जीपीकेजी (जिओपॅकेजची मुख्य फाइल) उचलली तर शेवटचे बदल मागे राहू शकतात. आधी प्रकल्प बंद करावा.

जिओजेसन या मजकूर स्वरूपातल्या व्हेक्टर फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. सांगलीचे ७४.५८, १६.८५ उलटे लिहिले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. गूगल अर्थमध्ये चालणारी केएमएल मोबाइलवर दाखवायला सोयीची, पण मोठ्या तक्त्यांना गैरसोयीची.

रास्टरसाठी जिओटिफ वापरतात. स्थानाची माहिती तिच्या आतच असते. साधी जेपीजी म्हणून जतन केली की ही माहिती गळून पडते.